अकड किती वेळ राहते?

अमृतने सांध्यांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं, कारण सांधे दुखून रात्री कोणी मरत नाही.

हे कारण त्याने मुलाखतीत सांगितलं नाही. तिथे तो म्हणाला, आमच्या भागात या रोगांकडे कोणी लक्ष देत नाही. तेही खरंच होतं. पण एम.डी. झाल्यावर त्याने आदिलाबादच्या एका दवाखान्यात दीड वर्ष काढलं होतं आणि तेवढ्या काळात एकही अख्खी झोप त्याच्या वाट्याला आली नव्हती. साप रात्री चावायचा. विंचूही रात्रीच. बाळंतपणं तर ठरवल्यासारखी रात्री यायची. सांधेवाले मात्र सकाळी दहाला यायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि वीस वर्षांपासून दुखतंय म्हणायचे. वीस वर्षं थांबलेला माणूस सकाळपर्यंत थांबतो. अमृतला हे फार आवडलं.

हैदराबादच्या एका मोठ्या इस्पितळात या विषयाची दोन वर्षांची फेलोशिप होती. एकोणीसशे एक्याण्णव साल. जागा दोन, अर्ज तीन. तिसऱ्याला ऐन वेळी हृदयाची जागा मिळाली आणि तो पळाला. उरले अमृत आणि गुंटूरची डॉ. पद्मजा. दोघांची निवड झाली, असं कागदावर लिहिलं गेलं.

तलमडुगूत, म्हणजे अमृतच्या गावी, ही बातमी समजावून सांगायचं काम अमृतच्या बापावर आलं. डोमाजी मास्तर मराठी शाळेत भूगोल शिकवायचे. शेजारच्या चंपतरावांनी त्यांना पारावर गाठलं.

"म्हंजे हाडाचा डाक्टर?"

"हाडाचा नाही. सांध्याचा."

"म्हंजे जिथं हाड संपते तिथला."

"हो."

"मंग मधातलं हाड कोणाले दाखवाचं?"

मास्तरांनी धुळीत बोटाने रेघ ओढली. "असं पाहा," ते म्हणाले, "आदिलाबाद इकडं. यवतमाळ तिकडं. मधात पैनगंगा. माहा पोरगा पैनगंगेचा डाक्टर."

चंपतरावांना ते पटलं. "पुराचं काम हाय मंग," ते म्हणाले आणि बिडी पेटवली.

हैदराबादला विभागाचे प्रमुख डॉ. चारी होते. बुटके, नीटनेटके, तेलुगू आणि इंग्रजी सोडून तिसरी भाषा न बोलणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी दोघांना सांगितलं, की एक्स-रे जे दोन वर्षांनी सांगतो ते पेशंट पहिल्या महिन्यात सांगतो. फक्त एक प्रश्न नीट विचारायचा. सकाळी उठल्यावर अंग किती वेळ आखडलेलं राहतं? साध्या दुखण्यात पाच-दहा मिनिटं. खऱ्या संधिवातात तास, दीड तास, कधी दुपारपर्यंत. बाकी सगळं पुस्तकात आहे, चारी म्हणाले, आणि पुस्तक बाहेरच्या दुकानात मिळतं.

त्या दोन वर्षांत अमृतने हजारो बोटं दाबली. बोटांच्या मुळाशी दाबायचं आणि तोंडाकडे पाहायचं. हाताला सवयच लागली. हात मिळवताना तो समोरच्याची बोटं चेपायचा. पद्मजाच्या भावाने तर तिला विचारलं, की हा मुलगा माझा हात का सोडत नाही.

अडचण झाली ती त्या एका प्रश्नाची. पद्मजा तो तेलुगूत विचारायची आणि तेलुगूत काही भानगड नव्हती. अमृतची तेलुगू बसचं तिकीट काढण्यापुरती. तो हैदराबादी हिंदीत विचारायचा आणि हिंदी म्हणजे त्याला मराठीच वाटायची, शेवट बदललेली. मराठीत अंग आखडतं. म्हणून तो विचारायचा, "सुबे को अकड कितनी देर रहती?"

अकड म्हणजे हिंदीत अंगाचा ताठरपणाही असतो आणि तोरासुद्धा. पण ऐकणारा आधी तोराच ऐकतो. खरं तर मराठीतही आखडू म्हटलं की कोणाला सांधे आठवत नाहीत. हे अमृतला कळायला परीक्षा यावी लागली.

पहिल्या परीक्षेत त्याच्यासमोर एक म्हातारे गृहस्थ आले. तहसिलीतून निवृत्त झालेले पेशकार. पांढरी शेरवानी, हातात काठी. अमृतने नमस्कार केला, नाव विचारलं आणि मग तो प्रश्न विचारला.

म्हाताऱ्याने चष्मा काढला. "मियाँ," तो म्हणाला, "अकडवालों की चाकरी में हमारी उम्र गुजर गयी. हम में अकड होती तो हम भी तहसीलदार होते."

एवढं बोलून तो उठला आणि काठी टेकत निघून गेला. पेशंटच गेला. परीक्षा कोणाची घेणार? अमृत नापास.

पद्मजा पास झाली. तिने त्याला कँटीनमध्ये इडली खाऊ घातली आणि सांगितलं, की हिंदीत त्याला जकडन म्हणतात. अमृतने तो शब्द पाठ केला. झोपेतही तो जकडन म्हणायचा.

दुसरी संधी सहा महिन्यांनी होती आणि ती शेवटची. नियमच तसा होता. या वेळी गेलं तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर पुन्हा आदिलाबादला साधा डॉक्टर. पुन्हा साप, पुन्हा विंचू, पुन्हा रात्री दोनला दारावर थाप. अमृतच्या घरात देव मानणं बापानेच सोडलं होतं. त्यामुळे नवस बोलायचीही सोय नव्हती.

परीक्षेच्या दिवशी त्याला कोपऱ्यातली खाट मिळाली. खाटेवर पंचविशीतली बाई, डोक्यावरून पदर, नजर खाली. खाटेशेजारी बाकावर दुसरी बाई, पन्नाशीची, सुपारी कातरत बसलेली. केसपेपरवर नाव होतं कुसुमबाई, गाव गुडीहत्नूर. अमृतच्या छातीवरचा धोंडा उतरला. हिंदी नको, तेलुगू नको. घरच्या बोलीतला पेशंट.

"काय होते, बाई?" त्याने विचारलं.

सुपारीवालीचा अडकित्ता थांबला. "कोठचा तू?"

"तलमडुगूचा."

"कोणाचा?"

"डोमाजी मास्तरचा."

जयवंताबाई तिचं नाव, कुसुमबाईची सासू. तिने मनातल्या मनात तलमडुगूची आळी न् आळी मांडून पाहिली. मास्तरांचं घर कोणत्या वस्तीत, ते तिला सापडलं. ती बाकावर जराशी मागे सरकली. मग पोराच्या गळ्यातल्या नळीकडे तिचं लक्ष गेलं आणि ती होती तिथे परत आली.

"मास्तर बरा माणूस हाय," ती म्हणाली. "विचार काय विचारतं तं."

"यायलेच विचारतो. बाई, सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडते?"

कुसुमबाईने सासूच्या पायांकडे पाहिलं.

"हात?" जयवंताबाई म्हणाली. "आंगभर आखडू हाय ते."

"त्यायले बोलू द्या ना, मावशी."

"बोलत असती तं इथलोक काऊन आणली असती? रातभर बसमधे बसून आलो. माहा सुदाकर म्हणते मोठ्या डाक्टरले दाखव. म्हटलं चाल. मोठा डाक्टर तं सांगन, की तिले काही झालं नाही."

ती कशासाठी आली होती ते अमृतच्या लक्षात आलं. सुनेला बरं करायला नाही. सुनेला काही झालेलं नाही, हे मोठ्या डॉक्टरच्या तोंडून वदवून घ्यायला.

माहिती काढायला अर्धा तास होता. त्यातली दहा मिनिटं गेली. अमृतने सासूला चहाला पाठवून पाहिलं. ती चहा पीत नव्हती. संडास दाखवला. तिला लागली नव्हती. कुसुमबाई सासूसमोर तोंड उघडणार नव्हती आणि सासू हलणार नव्हती.

मग त्याने नाद सोडला. तो बाकावर जयवंताबाईच्या शेजारी जाऊन बसला. "बरं मावशी," तो म्हणाला, "तुमचंच गाऱ्हाणं सांगा."

असं तिला आजवर कोणीच म्हटलं नव्हतं. तिने सुपारी बाजूला ठेवली.

"दिवाळीपासून बिघडली. दुसरं लेकरू झालं न तिथून. आधी गाय होती. आता सकाळी उठते न बाजेवर बसून राह्यते. हात मांडीवर ठेवून. फोटो काढाचा असल्यावानी."

"अन्?"

"दूध काढाले बसत नाही. मूठ वळत नाही म्हणे. चहाचा पेला दोन्ही हातानं धरते. राणी हाय ना. लेकराच्या झबल्याचे बंद शेजारणीकडून बांधून घेते. कासारीण आली का हात मागं. बांगड्या नको म्हणे, दुखते. सवाशीन बाई बांगडीले नाही म्हणते का कोठी? माह्या पाया पडाले वाकते न अर्ध्यातच थांबते. अर्धा नमस्कार करते मले."

"अन् दुपारी?"

"दुपारी साजरी वागते. तेच तं म्हणतो मी. दुपारी कापूस वेचते, बायासंग हासते. सकाळीच अकड. रोग असता तं दिवसभर नसता राह्यला?"

अमृत लिहीत होता. लिहिता लिहिता त्याचा हात हळू झाला. पुस्तकात या रोगाच्या ज्या खुणा दिल्या होत्या त्या बहुतेक सगळ्या कागदावर आल्या होत्या. एवढी स्वच्छ हकीकत त्याने दोन वर्षांत एका पेशंटकडून ऐकली नव्हती. आणि हिच्यात अर्ध्याअधिक शिव्या होत्या.

त्याने कुसुमबाईची बोटं मुळाशी दाबली. सूज डोळ्याला दिसत नव्हती, पण हाताला लागत होती. तिने ओठ आवळले.

परीक्षक आले. एक चारी. दुसरे बाहेरचे, लखनौकडचे डॉ. निगम. उंच, टाय बांधलेले. बोलणं इंग्रजीत. अमृत उभा राहिला आणि त्याने वाचायला सुरुवात केली. माहिती देणारी व्यक्ती, सासू. मुख्य तक्रार, सुनेची अकड, साधारण एक वर्षापासून. सकाळी जास्त. दुपारी निवळते.

निगमांनी हात वर केला. "ही रोगाची हकीकत नाही. हे भांडण आहे."

"सर, त्यातच रोग आहे."

"एक्स-रे साफ. रक्तात काही नाही. सूज मला दिसत नाही. मग उरली हकीकत, आणि ती सासूची." निगम कुसुमबाईकडे वळले. "पेशंटच्या तोंडून एक तरी वाक्य हवं. मीच विचारतो." ते खाली वाकले. आवाज मऊ केला. "बेटी, सुबह अकड़ रहती है?"

अमृत पुढे झाला. "सर, तो शब्द..."

"तुम्ही गप्प राहा."

कुसुमबाईने मान वर केली. वर्षभर हा शब्द तिने घरात ऐकला होता. विहिरीवर ऐकला होता. आता टाय बांधलेला परका माणूस तोच शब्द घेऊन आला होता. सासू शेजारी आहे हे ती त्या एका क्षणापुरतं विसरली.

"नाही," ती म्हणाली. "मी आखडू नाही. माहे बोटं उघडत नाही सकाळी, तं मी काय करू?"

निगमांना त्यातला पहिला शब्द कळला. तो त्यांनी लिहून घेतला. "ती नाही म्हणते," ते म्हणाले.

"सर, ती म्हणते की..."

"तुम्ही परीक्षेला बसलेले आहात. तुमचं भाषांतर मी कसं धरू?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सिस्टर केरळची होती. वॉर्डबॉय तेलुगू. मदतीला आलेल्या पद्मजाला मराठीतलं बसा, उठा आणि घाबरू नका एवढंच येत होतं. "इथे दुसरं कोणाला ही भाषा येते?"

चारींनी बाकाकडे बोट केलं.

जयवंताबाईला हिंदी येत होती. कापसाच्या व्यापाऱ्यांशी भांडून शिकलेली, त्यामुळे भांडण्यापुरती पक्की. तिला एवढं कळलं, की साहेब अकडीबद्दल विचारतोय. तिचा चेहरा फुलला.

"अकड? है ना साब. बहुत अकड है. सुबे से शुरू."

"कब तक रहती है?"

"बारा बजे तक."

निगमांनी आधीची ओळ खोडली आणि नवी लिहिली. सकाळचा ताठरपणा, तीव्र, दुपारपर्यंत. "हे आधी सांगायचं ना," ते अमृतला म्हणाले. "हकीकत बरोबर आहे तुमची." चारींनी पेनाचं टोपण लावलं.

अमृत पास झाला होता. आता फक्त गप्प उभं राहायचं होतं. जन्मभराची झोप दोन मिनिटांवर आली होती.

कुसुमबाईने पदर पुन्हा नाकापर्यंत ओढला होता.

"सर," अमृत म्हणाला, "या बाई दुसऱ्याच अकडीबद्दल बोलतायत."

हे आपण का बोललो, ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. पद्मजाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, निघून गेलं तोंडातून.

निगमांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"त्यांचं म्हणणं, सून गर्विष्ठ आहे. सुनेचं म्हणणं, ती गर्विष्ठ नाही, तिची बोटं सकाळी उघडत नाहीत."

"असं तुम्ही म्हणता."

"हो."

"मग माझ्याजवळ काय उरलं? एक सासू, तिला रोगाशी घेणंदेणं नाही. एक सून, ती नाही म्हणते. आणि एक उमेदवार, तो दुसऱ्यांदा बसलाय."

चारी खिडकीबाहेर पाहू लागले.

अमृत बाकाकडे वळला. "मावशी, तुमचं नका सांगू. सून आत्ता काय बोलली, तेवढंच सायबाले हिंदीत सांगा."

"मी काऊन सांगू? तिले तोंड हाय."

"सायबाले मराठी येत नाही."

"मंग तू सांग."

"माह्यावर भरवसा नाही त्यायचा."

जयवंताबाईने निगमांकडे वरून खाली पाहिलं. टाय पाहिला. बूट पाहिले. ती उठून उभी राहिली.

"आमच्या मास्तरच्या पोरावर भरवसा नाही?"

मघाशी बाकावर मागे सरकलेली बाई ती हीच. पण हैदराबादेत, परक्या माणसासमोर, तलमडुगू आणि गुडीहत्नूर एका घरातलं झालं.

"ओ साब," ती म्हणाली आणि पार वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "मास्टर का पोरा झूट नै बोलता. ये पोरी बोलरई, मैं आखडू नै. बोलरई, सुबे मेरे बोटां खुलते नै, तो मैं क्या करूं."

मैं क्या करूं, असं म्हणून ती थांबली. वाक्य सुनेचं होतं, पण ते तिच्या स्वतःच्या तोंडातून निघालं होतं आणि ते तिला विचित्र लागलं. ती हळूच कुसुमबाईकडे वळली.

"खरंच उघडत नाही का वो?"

"नाही ना, आत्याबाई."

"मंग पोळ्याले दूध कसं काढलं?"

"रडत काढलं. तुमी पाठमोऱ्या होत्या."

"काय बोलतायत?" निगमांनी विचारलं.

"घरचं आहे, सर," अमृत म्हणाला.

निगमांनी खाली वाकून कुसुमबाईची बोटं स्वतः दाबली. एकेक, मुळाशी, आणि तोंडाकडे पाहत. शेवटी त्यांनी लिहिलं ते चारींनी वाचलं, टोपण पुन्हा काढलं आणि खाली सही केली.

दुपारी अमृतने जयवंताबाईला रोग समजावून सांगितला. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, हे तिने लगेच उचललं. उपासासारखं ते. बाकीचं तिच्या पचनी पडेना. मोठ्या डॉक्टरकडून ती भलतंच घेऊन चालली होती.

"म्हंजे आखडू नाही?"

"नाही."

"उलीशी बी नाही?"

"ते तपासाची मशीन नाही, मावशी."

मग तिने दोन्ही हात पुढे केले. "माहे बी पाह्य. माही सासू मलेही आखडूच म्हणे."

अमृतने तिची बोटं एकेक दाबली. जयवंताबाई आशेने पाहत होती.

"तुमाले काही नाही. सांधे साजरे हाय."

"नीट पाह्य."

"नीटच पाह्यलं."

तिला ते फार लागलं.

पुढच्या वर्षी अमृतने आदिलाबादला कापूस बाजाराजवळ दवाखाना थाटला. पाटीवर सांध्यांचे डॉक्टर असं लिहिलं होतं आणि पहिला महिनाभर लोक त्यावरून दुकान कुठलं ते ओळखू शकले नाहीत. एक जण सायकलचा सांधा जोडायला घेऊन आला. चंपतराव येऊन बसायचे आणि पूर आला का विचारायचे. अमृत दुपारी मनसोक्त झोपायचा.

मग एका सोमवारी दारात जीप थांबली. आतून बायकाच बायका उतरल्या. पुढे जयवंताबाई.

"गावच्या आखडू सुना आणल्या," ती म्हणाली. "सगळ्या पाह्य. सासवा जीपमधेच हाय."

अमृतने सगळ्यांची बोटं दाबली. दोघींना खरंच रोग होता, एकीला बराच. बाकीच्यांना काही नव्हतं. तसं त्याने सांगितलं तेव्हा त्यांच्यातली एक पोरसवदा सून पुढे सरकली.

"डाक्टरसाब," ती दाराकडे पाहत म्हणाली, "आमाले बी काही लिहा ना. सकाळपुरतं."

अमृत बाहेर गेला. जयवंताबाई जीपला टेकून उभी होती.

"दोघींले रोग हाय," त्याने सांगितलं. "गोळ्या देतो."

"अन् बाकीच्या?"

"बाकीच्या थकल्या."

"त्याले कोणती गोळी?"

"गोळी नाही. सकाळचं दूध सासूनं काढाचं."

जीपमधल्या सगळ्या सासवा एकदम बोलू लागल्या आणि त्यात अमृतच्या शिक्षणाबद्दल, प्रमाणपत्राबद्दल आणि मास्तरांबद्दल बरंच काही होतं. जयवंताबाई एकटी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहत होती.

पुढच्या महिन्यात जीप आली नाही. रोगवाल्या दोघी बसने आल्या. त्यांना घेऊन कुसुमबाई आली होती. हातात काचेच्या बांगड्या होत्या आणि डोक्यावरचा पदर मागे गेला होता.

"एकट्याच?" अमृतने विचारलं. "मावशी कोठी हाय?"

"आत्याबाई घरी हाय," कुसुमबाई म्हणाली. "गाईनं लाथ मारली त्यायले. सवय नाही ना."